इराण्णानं बसवलेले नळ

दवाखान्यात हिच्या नाकाला नळी लावली होती. मी ती काढून माझ्या गालाला लावून बघितली, वारं येतंय का नाही ते. नर्सबाई धावत आली. "आजोबा, काय करताय? हात लावू नका." मी म्हणालो, "बाई, तुमी म्हणताय ह्यातनं हवा येती. म्या कशावरनं मानू?" थोरल्यानं मला दंडाला धरून बाहेर नेलं. लोकांपुढं त्याची मान खाली गेली असंल. जाऊ दे. नळीतनं वारं येत होतं, तेवढं मला कळलं. तरी ही चार दिवसांनी गेलीच.

बाहेरच्या बाकड्यावर बसलो आणि इराण्णा गवंडी आठवला. तो असता तर त्यानंही तेच केलं असतं, वर नर्सबाईचा हात धरून तिलाही बघायला लावलं असतं. मला शाळा थोडी. नातीनं कागद दिलेत आणि आता घरात बोलायला कुणी नाही, म्हणून लिहितो. ही असती तर म्हणाली असती, तुमाला नीट सांगता येत न्हाय, व्हा बाजूला.

निजामाचं राज्य जायला आलं होतं. पण जायला आलंय हे आम्हाला कुठं ठाऊक होतं? आम्हाला एवढंच ठाऊक की गावांवर धाडी पडतात. कोण घालतं ते ज्याला त्याला ठाऊक होतं आणि कुणी नाव घेत नव्हतं. शेजारी शेजाऱ्याकडं बघून दार लावायचा. आमचं गाव लोहाऱ्यापासून दोन कोसांवर. घरं माळवदाची, म्हणजे जाड दगडमातीच्या भिंती, वर तुळया आणि त्यावर पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर. खिडकी हा प्रकारच नाही. माळवदाला एक भोक ठेवायचं, त्याला सानं म्हणायचं. उजेड तिथनंच येणार, धूर तिथनंच जाणार.

कुणीतरी येऊन सांगितलं की पलीकडच्या गावात सान्यातनं पेटत्या चिंध्या टाकल्या. खरं का खोटं देव जाणे. दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या सान्यांवर फरशा पडल्या. मीही टाकली. मग चुलीचा धूर घरातच फिरायला लागला. सकाळी गल्लीतनं चाललं की प्रत्येक दाराआड बाई खोकताना ऐकू यायची. पुरुष म्हणायचे, खोकला परवडला.

तेव्हा इराण्णा आमच्या गावात आला. आळंदकडचा, कानडी बोलणारा. बाजारातल्या एका वाण्याच्या कोठारात धान्याला बुरशी धरत होती, त्यानं बोलावून आणला. इराण्णानं भिंतीतनं मातीचे भाजलेले नळ घातले आणि कोठार कोरडं केलं. जाता जाता वाण्याच्या स्वयंपाकघराला धुराडं करून दिलं. विहिरीवर बायकांत ते पसरलं. ही घरी येऊन म्हणाली, "त्या गवंड्याला आणा."

मी म्हणालो, "कशाला? चूल पेटती की आपली."

"चुलीसाठी न्हाय. मागल्या खोलीसाठी."

मागली खोली म्हणजे बाळंतिणीची. हिला तेव्हा सातवा महिना होता. त्याच्या आदल्या साली आमचं पहिलं पोर त्या खोलीत गेलं होतं, बारशाच्या आधीच. पोरगा होता. धडधाकट होता. भागाआत्या म्हणाली बाहेरची बाधा झाली, गावही तेच म्हणालं. आई लहानपणीच गेल्यामुळं घर आत्याच्या हातात होतं आणि तिच्यापुढं बोलायची माझी टाप नव्हती.

इराण्णा आला तो दारातच थांबला. काळा, वाळलेला, पन्नाशीचा. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, मुंडाशात ओळंबा खोचलेला. डोळे सारखे बारीक केलेले, जणू समोरचा खोटं बोलणार हे त्याला आधीच ठाऊक आहे. मी तांब्या दिला. त्यानं पाण्याचा वास घेतला, थोडं जमिनीवर सांडलं आणि तांब्या माझ्यापुढं धरला.

"मालक, तुमी प्या आधी."

"माझ्याच घरात मला?"

"तुमचं घर हाय. पोट माझं हाय."

मी प्यालो. मग तो प्याला. पुढं दोन-अडीच महिने तो आमच्याकडं होता, पण ही तऱ्हा काही मोडली नाही. भाकरी दिली तर मधोमध मोडून आत बघायचा. बसायचा तो भिंतीला पाठ लावून. आणि त्याच्या आधी ती भिंत ठोकून बघायचा.

खोली दाखवली तर आत जाऊन उभा राहिला आणि विचारायला लागला. "बाई निजती कुठं? डोस्कं कुठल्या अंगाला? दार आतनं लागतं का भाईरनं? घरात गडीमाणसं किती?"

मी म्हणालो, "हे सगळं तुला कशाला पायजे?"

"वाऱ्याला पायजे."

मी त्याच दिवशी ठरवलं की हा माणूस खबऱ्या आहे. आजही म्हणतो, त्या दिवसांत परका माणूस येऊन घरातली गडीमाणसं मोजायला लागला तर त्याला खबऱ्या न म्हणणारा येडा. पाटलाच्या कानावर घातलं. पाटील म्हणाला, "ध्यान ठेव. नळ आत काय जाण्यासाठी घालतोय आणि भाईर काय येण्यासाठी, बघ नीट."

इराण्णाकडं तपकिरीची एक डबी होती. तपकीर नव्हती तीत. रुईच्या बोंडातला कापूस असतो ना, पोरं ज्याला म्हातारी म्हणून फुंकून उडवतात, ती भरून ठेवलेली. घरातल्या हवेची परीक्षा तो तिच्यानं करायचा. दार लावून घेतलं, चिमटीतनं एक म्हातारी सोडली आणि गुडघ्यावर बसून तिच्याकडं बघत राहिला. ती जरा तरंगली आणि सरळ खाली आली.

"म्हातारी मेली," इराण्णा म्हणाला.

दाराआडनं आत्या कडाडली, "मेल्या, कुणाला म्हनतोस रं?"

"तुमाला न्हाय अव्वा. तुमी मरत न्हाय."

ही पदराआड हसली. त्या घरात हिला हसताना मी वर्षभरात पहिल्यांदा बघितलं. तेवढ्यावरनं मी त्याला ठेवून घेतलं. विश्वास म्हणून नव्हे.

मग त्यानं दाराबाहेर बसून, हिच्याकडं पाठ करून, पहिल्या पोराचं विचारलं. ते आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे कसं गेलं ते विचारलं होतं, हिला काय झालं होतं ते कुणी विचारलं नव्हतं.

"बाई, त्या दिवशी शेगडी हुती का खोलीत?"

"हुती की. बाजंखाली. शेक असतोय ना."

"दार?"

"लावलेलं. वाकळ टांगलेली. आत्यांनी फटी शेणानं लिंपल्या हुत्या. वारं लागू नये म्हणून."

"तुमाला काय झालं?"

"डोस्कं जड झालं. आत्यांना हाक मारावी तर जीभ उचलंना. पोराला जवळ घ्यावं तर हात उठंना. मग काय झालं ते ठावं न्हाय. डोळं उघडलं तेव्हा मी भाईर हुते आणि पोर..."

आमच्याकडं बाळंतिणीला वारं लागू देत नाहीत. खोली चारी बाजूंनी बंद करायची, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, त्यात ओवा-वावडिंगाची धुरी टाकायची. सगळ्यांच्या आया तशाच बाळंत झाल्या. पण सगळ्यांच्या आयांच्या वेळी डोक्यावर सानं उघडं होतं. आमच्या मागल्या खोलीला सानंच नव्हतं, ती नंतर वाढवलेली खोली. हे इराण्णानं सांगेपर्यंत कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"बाधा भाईरची न्हाय," तो म्हणाला. "निखारा बी माणसासारखाच वारा खातोय. तुमी, पोर आणि निखारा, तिघं एका ताटात जेवायला बसला. निखाऱ्यानं सगळं खाल्लं."

आत्या म्हणाली, "ह्याचं काय ऐकता? वारं लागून बाळंतीण वाकडी झाली म्हंजे हा यील व्हय शेकायला?"

तेव्हा ही बोलली. माझ्याशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नळ घातल्याबगर मला त्या खोलीत घालणार असला तर सांगा. मी गोठ्यात बाळंत व्हते. म्हसरं तरी मोकळ्यात हायती."

नळ घालायचं ठरलं.

नळ कुंभाराकडनं इराण्णानं स्वतः उभं राहून करून घेतले. एक तोंड रुंद, एक अरुंद, म्हणजे एकात एक बसतात. प्रत्येक नळ उन्हाकडं धरून आतनं बघायचा, तडा आहे का ते, आणि कुंभाराला शपथ घालायचा. कुंभार एवढा कावला की म्हणाला, "मालक, म्या फुकट भाजून देतो, पण ह्याला घिऊन जावा."

ते नळ गाढवावर कडब्यात झाकून आणताना नाक्यावर शिपायानं अडवलं. मी बरोबर होतो. शिपायानं कडबा उचकटला आणि मागं सरला. लांबट, पोकळ, एकावर एक रचलेले. कुणालाही वाटलं असतं.

"ये क्या है रे? तोपाँ बनाते क्या?"

इराण्णा शांत. "धुआँ जाने का रास्ता है, सरकार."

"धुएँ कू रास्ता होना क्या? वो खुदीच जाता."

"सरकार के घर में जाता क्या?"

शिपायाच्याही घरात बाई खोकत असणार. त्यानं बिडी पेटवली, एका नळाच्या तोंडाशी धूर सोडला आणि दुसऱ्या तोंडाशी डोळा लावून बसला. धूर नेमका डोळ्यात गेला. आधी शिवी दिली, मग हसला, आणि दोन नळ बाजूला काढून ठेवले, स्वतःच्या घरासाठी.

पुढं आल्यावर मी म्हणालो, "इराण्णा, दोन नळ गेले. आता पुरायचं कसं?"

"दोन जास्तीचं करून घेतलं हुतं."

"का?"

"नाक्यावर दोन जाणारच. गेलं नसतं तर मला त्या शिपायाचा संशय आला असता."

असा तो. संशय हेच त्याचं मोजमाप. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो, तो माणसाला लावायचा.

नळ बसवताना मात्र मी जवळनं बघितलं. बाहेरनं वारा घ्यायची जागा त्यानं उत्तरेच्या अंगाला, पाण्याच्या रांजणांमागं, कायम सावलीत धरली. तिथला वारा थंड. नळ भिंतीत शिरला की सरळ नाही गेला. एकदा वर वळला, मग आडवा, मग खाली. मी विचारलं, सरळ का नाही?

"सरळ भोक केलं तर तुमी निजणार न्हाय. कोण काठी घालंल, कोण पेटती चिंधी ढकलंल. आता घालून बघा."

मी काठी घातली. अडकली. डोळा लावला, काळोख. तोंड लावून बोललो, आत बसलेल्या हिला कुजबुज ऐकू आली, शब्द नाही. पण गाल लावला तर वारं येत होतं. वळणाला वारा दमतो म्हणून वळणावरचे नळ त्यानं मुद्दाम रुंद करून घेतले होते. आतलं तोंड बाजेच्या पायथ्याशी, जमिनीपासून वीतभर वर. डोक्याकडं नाही, अंगावर नाही. शेगडी बाजेखालनं काढून भिंतीजवळ घेतली, तिच्यावर मातीचं उलटं टोपलं केलं आणि त्यातनं दुसरा नळ भिंतीतनं वर माळवदावर हातभर काढला. "यायची वाट बारीक आणि जायची मोठी, न्हायतर उलटं, असलं चालत न्हाय," तो म्हणायचा. "भरल्या घागरीत कोण वततंय का? आधी सांडू द्या."

पुन्हा दार लावून त्यानं डबी उघडली. म्हातारी तरंगली, हळूहळू पायथ्याकडनं शेगडीकडं सरकली आणि टोपल्याखाली जाऊन वर गेली. ही मांडी घालून बसली होती, पोटावर हात ठेवून. बघतच राहिली. इराण्णा काही खूश झाला नाही. अजून दोन सोडल्या. मग म्हणाला, "आज गेली."

आता आत्याचं. आत्यानं पहिल्याच दिवशी खालच्या तोंडात चिंधी कोंबली. इराण्णा सकाळी आला, गाल लावला आणि चिंधी काढून अंगणात वाळत घातली. दुसऱ्या दिवशी जुनी चोळी. तीही वाळत घातली. तिसऱ्या दिवशी आत्याचंच लुगडं निघालं.

"अव्वा, रोज धुणं माझ्याकडं देता का?"

"सुनंला वारं लागतंय."

"तुमाला बसवतो तिथं. वारं लागलं तर नळ फोडतो."

आत्या ईर्ष्येनं बसली. दुपारभर पायथ्याशी बसून राहिली, आणि उन्हाळ्याचे दिवस, गार वाटून तिथंच डुलकी लागली. उठली तर इराण्णा दारात. "लागलं का वारं?" आत्या म्हणाली, "तुजं तळपट होवो," आणि भाकरी थापायला गेली. पण तिनं मनानं मानलं असं इराण्णानं मानलं नाही. काम झालं तरी गाव सोडेना. ही बाळंत झाली, पोरगी झाली, तरी हा आमच्या माळवदावर बसून. सकाळी यायचा, नळाच्या बाजूला बसायचा आणि वर जाणारा धूर बघायचा.

गावाला ते खुपलं. माळवदावरनं सगळं गाव दिसतं, कुणाची कोठी कुठं, कुणाची बाई कुठं. पाटलानं मला बोलावून विचारलं, "तुज्या छपरावर तो कानडी काय मोजतोय?"

"धूर."

"धूर कोण मोजतंय का?"

माझाही संशय गेला नव्हता. वारं येत होतं हे खरं, पण वारं देणारा माणूस खबऱ्या असू शकत नाही असं कुठं लिहिलंय?

पोरगी आठ-नऊ दिवसांची असेल. सकाळची वेळ. शिवारातनं एक जण धापा टाकत आला, लोहाऱ्याच्या वाटेला धूळ उठलीय, धाड आली. गावात एकच पळापळ. वेस लावली. आम्ही पुरुष काठ्या-कुऱ्हाडी घेऊन वेशीजवळच्या चावडीवर जमलो, चावडी उंचावर होती. चार गडी माळवदामाळवदावरनं पळत राहिलेली भोकं झाकत निघाले. तेच आमच्या माळवदावर गेले, इराण्णाला धरून खाली ओढला आणि चावडीच्या खांबाला बांधला. पाटील म्हणाला, आता कळलं हा कुणाला खुणा करत होता.

मी बघत होतो. सोडा म्हणालो नाही, आवळाही म्हणालो नाही. माझी नजर वाटेवर होती, धूळ जवळ येत होती. इराण्णाची नजर वाटेवर नव्हतीच. तो गावाकडं बघत होता. आणि एकदम ओरडायला लागला.

"होगे इल्ला! मालक, धूर न्हाय! धूर न्हाय!"

पाटलानं त्याच्या तोंडावर हात मारला. "बघा, वरडून सांगतोय त्यांना!"

"मालक, नळातनं धूर न्हाय! झाकला कुणीतरी! पोरगी बघा!"

कुणीतरी म्हणालं, ह्याच्या तोंडात बोळा घाला. दुसरा म्हणाला, चकवतोय, एकेकाला घराकडं पळवतोय, म्हणजे वेस मोकळी. ते मला पटत होतं. मी असतो खबऱ्या तर असंच केलं असतं. मी आमच्या माळवदाकडं बघितलं. धूर नव्हता. नळाच्या तोंडावर फरशी होती. आणि इराण्णा ओठातनं रक्त गाळत, वाटेकडं एकदाही न बघता, माझ्याकडं बघत होता. आयुष्यभर ज्यानं कुणावर विश्वास टाकला नाही तो माणूस मी विश्वास ठेवावा म्हणून गळा फाडत होता.

मी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणालो, "खोटं निघालं तर परत यिऊन तुजं टाळकं फोडीन."

"फोडा. पळा आधी."

मागनं पाटील ओरडला, "वेस सोडून चालला! बायकोचा गडी!" मी पळालो.

दाराला आतनं कडी. आत्याला हाक मारली, ओ नाही. खांद्यानं दार पाडलं. वाकळ टांगलेली, ती ओढली. आत्या शेगडीपाशी कलंडलेली. ही बाजेवर डोळे अर्धे उघडे ठेवून पडलेली, मान एका बाजूला. पोरगी हिच्या कुशीत, ओठ निळसर. मी पहिल्यांदा पोरगी उचलली, मग हिला काखेत धरून फरफटत अंगणात आणली. बाळंतिणीच्या खोलीत गडीमाणसानं जायचं नाही, विटाळ असतो. तसल्या गोष्टी मला त्या वेळी कुठल्या सुचतात? परत जाऊन आत्याला पायाला धरून ओढून आणली. पोरगी गप्प होती. मी तिला उघड्यावर धरली, पाठीवर चोळलं, देवाला शिव्या दिल्या. हिला शुद्ध नव्हती, पण हिची बोटं हलत होती, पोर शोधत होती. मग पोरगी खोकली. खोकली आणि मांजरीसारखी रडली. तो आवाज ऐकून ही जागी झाली.

धाड-बिड काही नव्हती. भूमकडनं उतरलेले धनगर मेंढरं घेऊन चालले होते. त्यांची धूळ. आमची वेस बंद बघून बिचारे घाबरून गावाला वळसा घालून गेले.

इराण्णाला सोडून मी घरी आणलं. ओठ सुजलेला. आधी माळवदावर चढला आणि फरशी भिरकावून दिली. खाली आला, पायथ्याचं तोंड बघितलं. आत्यानं धाडीच्या भीतीनं त्यात लुगडं कोंबलं होतं. आत्या अंगणात डोकं धरून बसली होती. ह्या वेळी त्यानं लुगडं वाळत घातलं नाही, नुसतं तिच्यापुढं ठेवलं.

मी म्हणालो, "वरचं बंद, खालचं बंद. मग ह्या जिवंत कशा ऱ्हायल्या?"

तो खोलीत गेला आणि कोपऱ्यातली मडक्यांची उतरंड बाजूला केली. तिच्या मागं, बाजेच्या उशाजवळ, भिंतीत मुठीएवढं भोक. दुसरा एक बारका फाटा त्यानं आडव्या नळातनं काढून तिथं आणला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही, हिलाही नाही.

"मला का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तर बुजलं असतं."

आत्या दारात येऊन उभी होती. तिनं ते भोक बघितलं. मग म्हणाली, "इराण्णा, आनी कुठं कुठं ठिवलीस रं भोकं?"

"इल्ला अव्वा. एवढंच."

"खोटं बोलतोस."

"व्हय," इराण्णा म्हणाला. आमच्या घरात अजून कुठं कुठं भोकं आहेत ते मला आजही ठाऊक नाही. नातवंडांनी शोधली, सापडली नाहीत.

त्यानं त्या दिवशी कुंभाराकडनं एक टोपण आणलं, वरनं निमुळतं, बाजूनं भोकांचं, आणि माळवदावरच्या नळावर चुन्यानं पक्कं बसवलं. त्यावर फरशी ठेवली तर घसरून पडते. माझ्यादेखत दोन वेळा ठेवून बघितली. दोन्ही वेळा पडली.

बारशाला त्यानं राहावं म्हणून मी म्हणालो, हिनं आतनं सांगितलं, आत्यानं स्वतः जाऊन सांगितलं. पाटील त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. चूक झाली असं म्हणायला तोंड लागतं, ते गावात कुणाला नव्हतं. इराण्णा म्हणाला, "गर्दीत म्या जेवत न्हाय." बायका पाळण्याभोवती जमल्या तोवर तो घरात नव्हता. मी त्याला शोधत बाहेर पडलो.

तो चावडीवर होता. ज्या खांबाला त्याला बांधला होता त्याच खांबाला पाठ टेकून, औजारांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. चावडीचा राखणदार तराळ त्याला म्हणत होता, "आरं, तुला सोडलंय की. जा आता."

"म्हाईत हाय."

"मग बसलास कशाला हितं?"

"हितनं दिसतंय."

तराळ माझ्याकडं बघून कपाळाला बोट लावत निघून गेला. मी इराण्णाशेजारी बसलो. आमच्या माळवदावरचं टोपण उन्हात पांढरं दिसत होतं. आत बायकांनी शेगडीत धुरी टाकली असावी, कारण टोपणाच्या भोकांतनं धूर निघाला. आधी बारीक, मग दाट, मग सरळ वर.

मी म्हणालो, "जातोय की."

धूर मोडतो का, थांबतो का, ते तो बघत बसला. मलाही उठवेना. बऱ्याच वेळानं उठला, धोतर झटकलं, गाठोडं पाठीला टाकलं. मी पाण्याचा तांब्या बरोबर आणला होता, तो पुढं केला. मी आधी प्यावं म्हणून वाट बघत राहिलो, तर त्यानं तो माझ्या हातातनं घेतला, वास न घेता, न सांडता, घटाघट प्याला, आणि परत दिला.

वेशीतनं बाहेर पडून आळंदच्या वाटेला लागला. मी लांबवर बघत होतो. वळणापर्यंत त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.